मामांचा हिरवा दिवा

बुऱ्हाणपूरहून परत आल्यापासून ओळखीचे लोक मला दोनच प्रश्न विचारतात. मावा जिलेबी आणली का, आणि सिग्नल चालला का? जिलेबी आणली होती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलचक आहे आणि त्यात माझी फारशी अब्रू शिल्लक राहत नाही. माझा धंदा असा, की चौकात कॅमेरा लावायचा, त्यानं वाहनं मोजायची, संगणकानं कुठल्या बाजूला गर्दी जास्त ते ओळखायचं आणि सिग्नल आपोआप लाल-हिरवा करायचा. पोलीस नको, शिट्टी नको. पुण्यातल्या दोन चौकांत हे बऱ्यापैकी चाललं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. आता एखाद्या जुन्या शहरात, जुन्या अरुंद वेशीत हे चालवून दाखवायचं, म्हणजे आपलं नाव होईल. बुऱ्हाणपूर सुचलं, कारण तिथं माझी मावसबहीण सुमनताई राहते आणि तिच्या हातचं जेवण मला आवडतं. मोठ्या निर्णयांमागची कारणं बहुधा एवढीच असतात. आठवडाभर लावून बघायची परवानगी मिळाली आणि मी गावाचं भलं करायला निघालेल्या माणसाच्या ऐटीत गाडीत बसलो.

रविवार, ताईचं घर

ताईचं घर शहराच्या तटाबाहेर, केळीची शेतं सुरू होतात तिथल्या नव्या वस्तीत आहे. मी पोचलो तेव्हा तिनं कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी पुण्यात मिळत नाही, आणि मिळाली तरी तिच्याबरोबर "अजून एक घे, वाळून गेला बापा तू" असं म्हणणारं कोणी मिळत नाही. मी वाळलेलो नाही. माझा शर्ट तसं सांगत होता, पण ताईचा शर्टावर विश्वास नव्हता.

जेवताना खरी गोष्ट कळली. ताई राजपुऱ्यातल्या शाळेत शिकवते. शाळा तटाच्या आत, म्हणजे रोज राजपुऱ्याच्या दरवाजातून जाणं आलं. इतकी वर्षं भाऊजी तिला स्कूटरवर सोडत होते. आता त्यांची बदली खकनारला झाली होती आणि पुढच्या सोमवारी त्यांना पहाटेच्या बसनं तिकडे हजर व्हायचं होतं.

"मग ताई, तू स्वतः चालव ना. तुला येते की स्कूटर," मी म्हणालो.

ताईनं भाकरी मोडता मोडता हात थांबवला. भाऊजींनीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याच दरवाजात एका लोडिंग रिक्षाचा धक्का लागून ती पडली होती. हात मोडला, तो जुळला, पण तेव्हापासून तिनं हँडलला हात लावला नव्हता. सकाळी या वस्तीत ई-रिक्षा फिरकत नाही आणि चालायचं तर तिचे गुडघे ऐकत नाहीत.

"दुसरी बाई पाहून घ्या, असं मोठ्या बाईंना सांगणार आहे मी," ताई म्हणाली. "सोमवारपर्यंत काही जमलं नाही तर सांगून टाकते. पोरांचं नुकसान नको."

ती हे इतकं सहज म्हणाली, की मी हातातला घास ताटात ठेवला. ताईला शिकवताना मी लहानपणी पाहिलं आहे. सुट्टीत आम्हा भावंडांना ओळीत बसवून ती पाढे घ्यायची आणि आम्ही पळून गेलो तर अंगणातल्या कुंड्यांना शिकवायची. ही बाई घरात बसून काय करणार?

"सोमवारपर्यंत तो दरवाजा मी असा करतो," मी छाती पुढे काढून म्हणालो, "की तू डोळे मिटून जाशील."

"डोळे उघडे ठेवूनच जाऊ दे रे," ताई म्हणाली.

सोमवार, दरवाजा

राजपुऱ्याचा दरवाजा बांधला तेव्हा त्यातून कोण जात असेल ते असो, आज त्यातून सगळेच जातात. मोटारसायकली, सायकली, ई-रिक्षा, म्हशी, कापडाचे गठ्ठे घेतलेल्या हातगाड्या आणि केळीचे घड भरलेल्या ट्रॉल्या. कमान एवढी अरुंद, की ट्रॅक्टर आत शिरला की समोरच्यानं फक्त वाट पाहायची. पुण्यात अशा जागी समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांचं शिक्षण काढतात. इथं लोक हसून विचारतात, "तू मागं घेतो का मी घेऊ?" आणि मग त्यावर निवांत चर्चा होते. तोवर पाठीमागं रांग लागते.

दरवाजाच्या आतल्या अंगाला गुलाबभाऊंची चहाची टपरी आहे. गुलाबभाऊ उंच, मिशीवाले आणि बोलघेवडे. त्यांच्याच टपरीच्या खांबावर मी कमानीपलीकडचंही दिसेल असा कॅमेरा आणि दिवे चालवणारी पेटी बसवली, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब उभे केले. "तुम्ही सुमनताईचे भाऊ ना? मग तुम्ही आमचे मामाच," ते म्हणाले. मोहल्ल्यातली निम्मी पोरं ताईच्या हाताखालून गेलेली, त्यामुळं तासाभरात मी सगळ्या राजपुऱ्याचा मामा झालो. पुण्यात मामा म्हणतात वाहतूक पोलिसाला आणि त्याला चुकवण्यात आनंद मानतात. इथं मामाला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, चहाबरोबर खारी मिळाली. मला ते फार बरं वाटलं. इथंच मी सावध व्हायला हवं होतं.

मंगळवार, झाड

सिग्नल सुरू केला आणि मी ऐटीत खुर्चीवर बसलो. थोड्याच वेळात दरवाजाच्या बाहेर आरडाओरडा सुरू झाला. बाहेरचा दिवा लाल होता आणि लालच राहत होता. त्याच्यापुढं केळीच्या ट्रॉल्या एकामागं एक उभ्या होत्या आणि आतल्या बाजूला मात्र दिवा हिरवागार.

मी लॅपटॉप उघडला. कॅमेऱ्याला ट्रॉल्या दिसत होत्या, पण गाड्या म्हणून नाही. हिरवे घड, वर झाकलेली केळीची पानं, खाली लोंबणारे देठ हे सगळं पाहून आमच्या यंत्रानं शांतपणे निर्णय दिला होता की इथं झाडं आहेत. पुण्यात त्याला कोणी केळीची ट्रॉली दाखवलीच नव्हती. झाडांना कशाला हिरवा दिवा द्यायचा?

नामदेवदादा नावाचे शेतकरी पहिल्या ट्रॉलीवरून उतरले आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"मामा, किती वेळ थांबवून राहिले हो? हे घड कच्चे काढले मी. तुमच्या या दिव्याखाली पिकून जातील."

"दादा, यंत्राला वाटतंय की तुम्ही झाड आहात," मी खरं तेच सांगितलं.

नामदेवदादांनी यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "त्याला सांगा, झाड हॉर्न वाजवत नाही," ते म्हणाले, आणि ट्रॅक्टरवर चढून त्यांनी असा हॉर्न वाजवला की टपरीवरचे पेले हलले. मी बटण दाबून दिवा हातानं हिरवा केला. माझ्या फोनवर तसं एक बटण होतं, अडीअडचणीसाठी ठेवलेलं.

आतली बाजू सारखी हिरवी का, हे मला मग कळलं. टपरीवर लोक चहाला येतात ते मोटारसायकलवर बसूनच चहा पितात. एक पाय जमिनीवर, एका हातात पेला, गाडी बरोबर दरवाजाकडं तोंड करून. यंत्राला वाटत होतं की बिचारे कधीचे ताटकळलेत. त्यांना कुठंही जायचं नव्हतं.

बुधवार, केळीत

यंत्राला केळीची ट्रॉली शिकवायला मी नामदेवदादांबरोबर त्यांच्या शेतात गेलो. रागावलेला माणूस इतक्या लवकर आपल्याला जेवायला घेऊन जातो, हे पुण्याहून आलेल्याला पचायला जड जातं. तापीच्या बाजूला नजर जाईल तिथवर केळी होती. बागेत शिरलं की डोक्यावर पानांचं छप्पर, खाली गार ओल, आणि वारा आला की सगळी पानं सळसळतात. मी घडांचे, ट्रॉल्यांचे, पुढून-मागून-बाजूनं फोटो काढत सुटलो. पाटात पाय घसरून एकदा चिखलात बसलोही. नामदेवदादांनी मला हात दिला आणि म्हणाले, "आता तुमचा फोटो काढून टाका, यंत्राला माणूस कसा दिसतो ते बी कळेल."

बांधावर बसून आम्ही शेवभाजी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं ते मी तिखटाच्या नावावर खपवलं. खरं तर मला भीती वाटू लागली होती. सोमवार जवळ येत होता आणि ताईला मी शब्द देऊन बसलो होतो.

गुरुवार, विक्रम

रात्री घरी बसून यंत्राला केळी शिकवली होती, पण चहा पिणाऱ्यांचं काय करायचं ते मात्र सुचलं नव्हतं. सकाळी मी ताईच्या घरूनच लॅपटॉप उघडून बसलो आणि पाहतो तर चमत्कार. दरवाजातून वाहनं नुसती वाहत होती. आतून बाहेर, बाहेरून आत, कुठं तुंबणं नाही. असा आलेख मला पुण्यात कधी मिळाला नव्हता, हा विक्रमच होता. चहा पिणाऱ्यांची रांगही हलत होती! मी मनातल्या मनात म्हटलं, शिस्त लागली. लोकांना आपण समजतो तेवढं वाईट वळण नसतं, फक्त योग्य माणूस भेटावा लागतो.

संध्याकाळी मी ताईला आलेख दाखवला. वर चढत गेलेली रेघ तिला समजावून सांगितली. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"म्हणजे आता तिथं कोणी घुसत नाही?"

"यंत्र घुसूच देत नाही. तू लालला थांबायचं, हिरव्याला निघायचं. बस."

ताई उठून मागे गेली. थोड्या वेळानं मागच्या दारी स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. ती अंगणात हळूहळू फेऱ्या मारत होती. भाऊजी दारात उभे राहून पाहत होते आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला इतका आनंद झाला, की मी जिलेबीचा आणखी एक वेढा खाल्ला.

शुक्रवार, खरं काय ते

आज ताई स्वतः स्कूटर घेऊन शाळेत जाणार होती, म्हणून ती निघायच्या आधी मी दरवाजाशी जाऊन बसलो. दिवा हिरवा झाला. गुलाबभाऊ ओरडले, "चला रे, हिरवा झाला! मामांचा हिरवा आहे, निघा!" आणि टपरीवरच्या सगळ्यांनी अर्धे पेले फळीवर ठेवले, गाड्यांना किक मारली आणि दरवाजातून बाहेर गेले. मी समाधानानं मान हलवली. मग तेच सगळे वळून आत आले, गाड्या होत्या तिथं लावल्या आणि आपापला पेला उचलून उरलेला चहा पिऊ लागले.

"हे काय करून राहिले हो तुम्ही?" मी विचारलं. घाबरलो की मीही तिथल्यासारखं बोलू लागलो होतो.

गुलाबभाऊंना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मामा, तुमचा दिवा आमच्यासाठी हिरवा होऊन राहिला. आम्ही नुसते बसून राहिलो तर बरं दिसतं का? मंगळवारी तुमचा चेहरा एवढासा झाला होता. मग आम्ही म्हटलं, दिवा लागला की एक चक्कर मारून यायचं. तुमचं मन राहतं, आमचं काय जातं?"

विक्रम हा होता. माझा आलेख राजपुऱ्याच्या आदरातिथ्यावर चढला होता. यंत्र त्यांना हिरवा देत होतं कारण ते उभे होते, ते जात होते कारण मी पाहुणा होतो, आणि ते परत येत होते कारण चहा राहिला होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात कमानीतून पलीकडं मला ताई दिसली. पदर खोचलेला, डोक्यावर हेल्मेट, लाल दिव्यापुढं पट्टीनं आखल्यासारखी उभी. चहाची रांग पुन्हा भरली होती, म्हणजे यंत्र आतल्याच बाजूला हिरवा देत राहणार होतं. ताईच्या मागच्या दोन मोटारसायकली तिला वळसा घालून दरवाजात घुसल्या. ती हलली नाही. मी सांगितलं होतं, लालला थांबायचं. तिचे हात हँडलवर घट्ट होते आणि ती त्या दिव्याकडं अशी पाहत होती, जणू तो तिच्याशी खोटं बोलणार नाही.

मी फोन काढला आणि बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. ताई निघाली, कमानीतून सावकाश पार झाली आणि माझ्याकडं बघून हसली. ते हसू मला सहन झालं नाही. शाळा सुटल्यावर ती परत येताना मी पुन्हा तिथं बसलो होतो, बटणावर अंगठा ठेवून. शनिवारीही तेच. जगातला सगळ्यात हुशार सिग्नल माझ्या अंगठ्यावर चालला होता.

रविवार, मांडे

ताईनं आनंदानं मांडे केले. उलट्या खापरावर हातानं पसरवत नेलेली, रुमालापेक्षा मोठी पुरणाची पोळी. आधी सांगावं की आधी खावं, यावर मी फार विचार केला नाही. आधी खाल्लं. मग सांगितलं. चहाच्या चकरा, बटण, सगळं.

भाऊजी उठता उठता पाटावरच थांबले. ताईनं खापर खाली उतरवलं.

"म्हणजे दोन दिवस मी तुझ्या बोटाला धरून गेले," ती म्हणाली. "बालवाडीतल्या पोरासारखी."

"ताई, यंत्र दुरुस्त होईल. उभी गाडी आणि जाणारी गाडी यातला फरक शिकवायचा आहे. महिना-दीड महिना दे मला."

"माझी शाळा उद्या आहे, विजू."

"मी अजून थांबतो हवं तर. रोज बसतो तिथं."

"अन् मग? तू गेल्यावर?" तिचा आवाज चढला. "मला घाबरट समजला ना तू? सांगायचं होतं ना तोंडावर, की ताई, यंत्र फसलं. मी ठरवलं असतं माझं माझं. तू माझ्याजवळून तेही काढून घेतलं."

ती आत गेली. भांडी घासताना ती कधी आवाज करत नाही, त्या दिवशी केला. मला स्वतःची खरोखर लाज वाटली, आणि त्या लाजेत गमतीचा भाग काहीच नव्हता. भाऊजी हळूच म्हणाले, "बदली थांबवायचं मी विचारून पाहिलं. नाही जमत."

दुपारी मी जाऊन कॅमेरा, पेटी आणि दिवे उतरवून आणले. गुलाबभाऊंना वाटलं त्यांचंच काही चुकलं. "मामा, चकरा कमी पडल्या का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. परवानगी देणाऱ्यांना पाठवलेल्या अहवालात मी नंतर लिहिलं, की नोंदलेली वाहतूक खरी नाही आणि चूक लोकांची नाही. यंत्र वाईट नाही. त्याला कामाला लावायची माझी घाई वाईट होती.

सोमवार, दरवाजा

भाऊजी पहाटेच खकनारला गेले होते. माझी गाडी सकाळची होती आणि स्टेशनला जाणारे ऑटो दरवाजाच्या आत मिळतात. मी पिशव्या घेऊन निघालो तर ताई अंगणात स्कूटर काढून उभी. कालपासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

"बस मागं."

मी सिग्नलची पेटी मांडीवर घेऊन बसलो. वस्ती संपली, केळी मागं पडली, दरवाजा आला. दिव्यांचे खांब नव्हते. आतून एक ट्रॅक्टर कमानीकडं येत होता, आमच्या बाजूनं हातगाडी घुसू पाहत होती, मागून हॉर्न सुरू झाले. ताईनं ब्रेक दाबला. मी सवयीनं खिशातून फोन काढला.

ताईला तो आरशात दिसला. "ठेव तो आत," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. आता धरायला काही उरलं नाही म्हणून पेटीला मिठी मारली. ताईचे हात मला खांद्यावरून दिसत होते. ते हँडलवर तसेच घट्ट होते. शुक्रवारपेक्षा ती तसूभरही कमी घाबरलेली नव्हती. एवढ्यात तिनं डावा हात हँडलवरून सोडला आणि सरळ वर केला. वर्गात गोंगाट झाला की करत असेल तसा.

"ओ दादा, थांबा तिथंच! मी येऊन राहिले!"

ट्रॅक्टर थांबला. तिनं गाडी पुढं घेतली. कमानीत शिरताना मी डोळे मिटून घेतले, हे मी इथं कबूल करतो. वाहतुकीतल्या तज्ज्ञानं डोळे मिटले आणि ज्या बाईला त्यानं डोळे मिटून न्यायचं वचन दिलं होतं, तिनं ते उघडे ठेवून त्याला पलीकडं नेलं.

गाडी थांबली तेव्हा मी डोळे उघडले. ऑटो समोरच उभे होते. पेटी मांडीवरून निघेना. ताई माझ्यावर अजून रागावलेली होती, तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. शाळेच्या रस्त्याकडं बघत होती.

"उतर लवकर," ती म्हणाली. "मला पोचायचं आहे."